एका घटनेचे चार साक्षीदार : मध्ययुगीन भारताचा इतिहास कसा अभ्यासतात

सुलतान मुहंमद बिन तुघलकाने इ. स. १३२७ च्या सुमारास देवगिरीला आपली राजधानी केली, तिला दौलताबाद हे नाव दिले आणि दिल्लीच्या रहिवाशांना तिकडे जायला भाग पाडले, एवढे बहुतेकांना शाळेपासून ठाऊक असते. दिल्ली इतकी ओस पडली की तिथे कुत्रे-मांजरसुद्धा उरले नाही, हेही ठाऊक असते. मात्र हे वाक्य कोणाचे, ते त्याने केव्हा आणि कोणत्या अवस्थेत लिहिले, आणि त्याच सुमारास दिल्लीत कोरलेला एखादा दगड काय सांगतो, असे कोणी सहसा विचारत नाही. इतिहासकाराचे काम या प्रश्नांपासून सुरू होते, आणि ते काम कसे चालते हे दाखवायला या घटनेइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

कुत्र्या-मांजराचे वाक्य झियाउद्दीन बरनीचे आहे. तो सतरा वर्षांहून अधिक काळ सुलतानाचा नदीम, म्हणजे दरबारातला सोबती होता, त्यामुळे त्याला आतली माहिती नव्हती असे म्हणता येत नाही. पण त्याने आपला ग्रंथ पूर्ण केला तो १३५७ मध्ये, म्हणजे घटनेला तीस वर्षे उलटल्यावर, पुढचा सुलतान फिरोजशाह याच्या कारकिर्दीत, दरबारातून दूर झालेला एक म्हातारा आणि हलाखीत दिवस काढणारा माणूस म्हणून. शिवाय राज्यकारभार कुलीनांच्याच हाती असावा अशी त्याची पक्की धारणा होती, आणि मुहंमदाने हलक्या मानलेल्या घराण्यांतील माणसांना पदे दिली हे त्याला अखेरपर्यंत सलत राहिले. त्यामुळे बरनी वाचताना माहितगार माणसाचे निवेदन आणि दुखावलेल्या माणसाचा निवाडा हे दोन्ही एकाच ओळीत येतात, आणि ते वेगळे करावे लागतात.

दुसरा साक्षीदार इसामी. त्याचे घराणे या स्थलांतरात दिल्लीहून निघाले तेव्हा तो जेमतेम सोळा वर्षांचा होता, आणि नव्वदीला आलेला त्याचा आजा वाटेतल्या पहिल्याच मुक्कामी मरण पावला. पुढे त्याने १३५० मध्ये आपले फार्सी महाकाव्य पूर्ण केले ते अल्लाउद्दीन हसन बहमनशाहाच्या आश्रयाने, आणि बहमनी राज्य तर तुघलकाविरुद्धच्या बंडातूनच जन्मलेले होते. आजोबांच्या मृत्यूचे दुःख खरे होते आणि तुघलकाची निंदा आश्रयदात्याला हवीच होती. दोन्ही कारणांनी इसामीच्या लेखणीतून सुलतान काळाकुट्ट उतरतो.

तिसरा इब्न बतूता. हा मोरोक्कोचा प्रवासी दिल्लीत पोचला तेव्हा स्थलांतराला काही वर्षे होऊन गेली होती. शहर भव्य आहे पण वस्ती विरळ आहे, हे त्याने स्वतः पाहिले, आणि म्हणून त्या वाक्याला वजन आहे. याउलट एका आंधळ्याला दिल्लीहून दौलताबादेपर्यंत फरफटत नेले आणि अखेर त्याचा एक पायच तिथे पोचला, ही त्याने सांगितलेली कथा ऐकीव आहे. एकाच पानावर डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले शेजारी-शेजारी असते, आणि वाचणाऱ्याने दोहोंना एकच किंमत देऊन चालत नाही. त्यात हा वृत्तांत त्याने मायदेशी परतल्यावर आठवणीतून सांगितला आणि दुसऱ्याने तो शब्दबद्ध केला, हेही ध्यानात ठेवावे लागते.

चौथा साक्षीदार बोलत नाही, कारण तो दगड आहे. दिल्लीच्या परिसरातील नारायणा आणि सरबन या गावांशी निगडित असलेले दोन संस्कृत शिलालेख विक्रम संवत १३८४ चे, म्हणजे १३२७-२८ चे आहेत. सरबनचा लेख एका व्यापारी कुटुंबाने विहीर बांधल्याचा आहे, आणि त्यात हरियाणा नावाचा हा देश पृथ्वीवर स्वर्गासारखा आहे असे म्हटले आहे. ज्या कुटुंबाला घरदार सोडून शेकडो कोसांवर जायचे आहे ते विहीर खणून तिचा लेख कोरून घेत बसत नाही. शिवाय त्या वर्षांत दिल्लीच्या टांकसाळीची नाणीही पडत होती. कोणी असा आक्षेप घेईल की हे लेख स्थलांतराच्या अगदी आरंभीचे असल्यामुळे पुढच्या दोन-तीन वर्षांत काय झाले ते त्यांवरून कळत नाही. तो आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच एवढ्या दोन लेखांवर सारा निष्कर्ष उभा करता येत नाही.

आता उलट बाजूने पाहू. आज छत्रपती संभाजीनगरजवळच्या (पूर्वीचे औरंगाबाद) खुलताबादेत बुर्हानुद्दीन गरीब या सूफी संताचा दर्गा आहे, आणि दिल्लीचा कवी अमीर हसन सिज्झी याची कबरही तिथेच आहे. ही माणसे दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांच्या वर्तुळातली होती आणि ती दख्खनेत आली ती याच लाटेत. बुर्हानुद्दीनांच्या शिष्यांनी त्यांची वचने लिहून ठेवली. ती लिहिताना राजधानीच्या वादात साक्ष द्यावी असे त्यांच्या मनातही नव्हते. हे सारे एकत्र ठेवले की चित्र असे दिसते : सरदार, उलेमा, सूफी आणि त्यांच्यावर अवलंबून असलेला मोठा समाज खरोखर हलवला गेला, त्यात पुष्कळ हाल झाले, शहराला ओहोटी लागली, पण सगळी दिल्ली रिकामी झाली नाही. बरनीच्या दृष्टीने सरदार आणि विद्वान म्हणजेच दिल्ली होती, म्हणून त्याला ती संपूर्ण रिकामी भासली. त्याने खोटे लिहिले असे मी म्हणणार नाही. त्याच्या डोळ्यांना जी माणसे दिसत होती ती गेली होती.

या उदाहरणात साधनांचे दोन प्रकार दिसतात, आणि सगळी साधनचिकित्सा या भेदावर उभी आहे. काही लेखन पुढच्या पिढ्यांना सांगण्यासाठी केलेले असते, जसे तवारिखा (फार्सी इतिहासग्रंथ), बखरी, राजप्रशस्ती, चरित्रे. काही लेखन कामापुरते केलेले असते, जसे दानपत्रे, हिशेब, निवाडे, पावत्या, वखारींची पत्रे. पहिल्या प्रकारात घटनांचा क्रम आणि माणसांचे स्वभाव मिळतात, पण लिहिणाऱ्याचा हेतू प्रत्येक वाक्यात शिरलेला असतो. दुसऱ्या प्रकारात कथा मिळत नाही, तुकडे मिळतात. मात्र लिहिणाऱ्याला आपली फसवणूक करण्याचे कारण नसते, कारण आपण ते कधी वाचू ही कल्पनाच त्याला नसते. अर्थात त्याच्या काळातल्या दुसऱ्या कोणाला फसवण्याचे कारण त्याला असू शकते, आणि तिकडे आपण येऊच.

आधी दगडाकडे. महाराष्ट्रात आणि कोकणात शेताच्या बांधावर किंवा देवळाच्या आवारात एक विशिष्ट प्रकारचा दगड दिसतो. वर चंद्र आणि सूर्य कोरलेले, मध्ये झिजलेल्या ओळी, आणि खाली एक गाढव व स्त्री यांचे बीभत्स चित्र. याला गद्धेगाळ म्हणतात. शिलाहार आणि यादव काळात राजाने किंवा अधिकाऱ्याने जमीन दान दिली की असा दगड उभारत : हे दान चंद्रसूर्य असेपर्यंत चालावे, आणि जो ते मोडील त्याच्या घराण्याला ही शिवी. लेखाच्या ओळींतून कोणी, कोणाला, केव्हा आणि काय दिले हे कळते. पण चित्रातून जे कळते ते मला अधिक मोलाचे वाटते. शिवी अक्षरांत लिहून भागत नव्हते, ती चितारावी लागली, कारण ज्यांना धाक घालायचा होता त्यांतल्या पुष्कळांना वाचता येत नव्हते. आणि धाक घालावा लागला याचा अर्थ दाने मोडली जात होती. मनाई सापडली की ज्या गोष्टीची मनाई केली ती घडत होती असे समजायचे, हा इतिहासाच्या अभ्यासातला रोज उपयोगी पडणारा नियम आहे.

शिलालेख अस्सल असतो, पण त्याचे वाचन अस्सल असेलच असे नाही. अलिबागजवळच्या अक्षी येथील लेखाचा शक ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला जातो आणि त्यामुळे तो मराठीतील सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. दुसऱ्या वाचनाप्रमाणे मात्र तो सुमारे दोनशे वर्षांनी अलीकडचा ठरतो. झिजलेल्या दगडावरच्या दोन-चार खुणा कशा लावायच्या यावर एका भाषेच्या लिखित आयुष्याची सुरुवात पुढे-मागे सरकते. म्हणून सोलापूर जिल्ह्यातील हत्तरसंग-कुडल येथील, शक स्पष्ट वाचता येणाऱ्या शके ९४० च्या लेखाला इतके महत्त्व आले.

पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातील चौऱ्यांशीचा लेख शके ११९५ ते ११९९ या वर्षांतला आहे. त्यात मंदिराला देणगी देणाऱ्यांची नावे आणि रकमा आहेत, आणि त्या यादीत यादव राजा रामचंद्र व त्याचा अधिकारी हेमाद्री पंडित यांची नावे साध्या लोकांच्या नावांबरोबर येतात. ही केवळ देणग्यांची नोंद आहे. पण ज्ञानेश्वरांच्या बालपणी पंढरपूरला राजाश्रय आणि लोकाश्रय दोन्ही होते हे सांगायला याहून बोलका पुरावा नाही.

कागदाचा काळ सुरू झाला की अडचणी बदलतात. मराठी दफ्तरांतले कागद मोडीत आहेत. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढतो आणि मग तिच्याखाली, शक्यतो हात न उचलता, अक्षरे जोडत जातो; शब्द वेगळे तोडत नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाही. पुणे पुराभिलेखागारात अशा कागदांची गाठोडी, ज्यांना रुमाल म्हणतात, ओळीने मांडलेली आहेत. रुमाल सोडून पहिला कागद उलगडला की वाचण्याआधी दोन गोष्टी पाहायच्या असतात : कागद, शाई, वळण आणि शिक्के त्या काळचे आहेत का, हे बहिरंग परीक्षण, आणि मायना, भाषा, माणसांची नावे, त्यांचे हुद्दे आणि तारीख एकमेकांशी जुळतात का, हे अंतरंग परीक्षण.

एवढी काळजी घ्यावी लागते, कारण बनावट कागद पुष्कळ आहेत. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही वतने पिढीजात होती आणि त्यांवरचे तंटे पिढ्यान् पिढ्या चालत. ज्याच्याकडे जुनी सनद त्याचा हक्क बळकट, म्हणून जुन्या सनदा तयार केल्या जात. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब उमटवलेली असते, आणि तिचा अर्थच असा की पत्राची मर्यादा इथे संपली. शिक्क्याखाली नंतर कोणी ओळ घुसवली तर ती उघडी पडते. गंमत अशी नाही, तर गंभीर गोष्ट अशी आहे की बनावट कागदही टाकून द्यायचा नसतो. तो ज्या काळाचा म्हणून सांगितला आहे त्या काळासाठी निरुपयोगी असतो, पण तो ज्या काळात रचला गेला त्या काळी लोक कशासाठी भांडत होते, हे तो अगदी खरे सांगतो.

वतनाचे तंटे गोतसभेसमोर, म्हणजे हक्कदार गावकऱ्यांच्या सभेसमोर, येत आणि निवाड्याचा जो कागद होई त्याला महजर म्हणत. महजराखाली हजर असलेल्यांच्या निशाण्या असतात : शेतकऱ्याचा नांगर, वाण्याचा तराजू, सुताराचे आणि इतर बलुतेदारांचे आपापले हत्यार. ज्या कुणब्याचे नाव कोणत्याही बखरीत यायचे नव्हते तो आपल्या हाताने, किंवा निदान आपल्या नावाने, तिथे नांगराच्या रूपाने उभा आहे. राजांच्या लढायांपेक्षा मला हा नांगर पाहताना भूतकाळ अधिक जवळ आल्यासारखा वाटतो.

तारखांचे काम रुक्ष वाटते, पण ते चुकले की सगळेच चुकते. पानिपताच्या वर्षातल्या मराठी कागदांवर वर्ष असे येते : ‘इहिदे सितैन मया व अलफ’. हे अरबी आकडे आहेत. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर आणि अलफ हजार, मिळून ११६१. हा शुहूर सन मृग नक्षत्रापासून सुरू होतो, म्हणून पत्र पावसाळ्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतचे असेल तर त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीनंतरचे असेल तर ६००, तेव्हा इसवी सन येतो. पानिपताची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, म्हणजे याच शुहूर सनातली. महिना न पाहता सरसकट ६०० मिळवणारा माणूस युद्धाआधीचे पत्र युद्धानंतरचे म्हणून लावील आणि त्यावर भलतीच कहाणी रचील. युरोपीय कागदांतही असाच सापळा आहे. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३ शके १५९६ चा. इंग्रजांच्या तेव्हाच्या जुन्या पंचांगाने तो दिवस ६ जून १६७४, तर पोर्तुगीज वापरत असलेल्या नव्या पंचांगाने १६ जून. दोन पत्रांत दहा दिवसांचे अंतर दिसले तर दोन प्रसंग मानायचे नसतात.

महाराजांच्या जन्मतिथीचा वाद तर मराठी वाचकाला परिचित आहे, पण तो सुटत कसा गेला ही खरी शिकण्याची गोष्ट आहे. उत्तरकालीन बखरींच्या आधारे शके १५४९ चा वैशाख, म्हणजे १६२७, धरला जाई. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली, म्हणजे मावळातल्या जेधे देशमुखांच्या घरची तारीखवार नोंद, प्रसिद्ध केली आणि तीत शके १५५१ फाल्गुन वद्य ३ ही तिथी निघाली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. एकट्या शकावलीवर सर्वांचे समाधान होणे शक्य नव्हते. पुढे तंजावरात सापडलेले कवींद्र परमानंदाचे शिवभारत हे महाराजांवरचे संस्कृत काव्य छापले गेले, आणि परमानंद तर महाराजांचा समकालीन. त्यातही तीच तिथी. राजस्थानात एक कुंडली मिळाली तीही जुळली. मावळातल्या देशमुखाचे घर, तंजावर आणि राजस्थान, इतक्या दूरच्या आणि एकमेकांना न पाहिलेल्या साधनांनी एकच दिवस सांगितला, तेव्हा त्या दिवसाला बळ आले. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये हीच तारीख स्वीकारली. साधने किती आहेत याला महत्त्व नाही. एका बखरीवरून दुसऱ्या पाच उतरल्या असतील तर त्या पाचही मिळून साक्ष एकच. स्वतंत्र साक्षी किती, हे मोजायचे असते.

इथपर्यंतचे काम नीट झाले तरी अर्थ लावायचा राहतोच, आणि तज्ज्ञांचे खरे मतभेद इथे असतात. सातव्या ते बाराव्या शतकातील शेकडो ताम्रपटांत राजाने ब्राह्मणांना, मंदिरांना किंवा मठांना गावे करमुक्त करून दिल्याचे आढळते. ताम्रपट तेच, वाचनही जवळजवळ निर्विवाद. रामशरण शर्मा यांनी १९६५ मध्ये त्यांवरून असे मांडले की राजसत्ता आपले अधिकार वाटून टाकत होती, व्यापार आणि नगरे खालावत होती आणि भारतीय स्वरूपाची सामंतशाही आकाराला येत होती. हरबंस मुखिया यांनी १९८१ मध्ये विचारले की इथला शेतकरी आपल्या नांगराचा आणि श्रमाचा बहुतांशी स्वतःच धनी असताना युरोपच्या भूदासावर बेतलेला शब्द त्याला कसा लावायचा. ब्रजदुलाल चट्टोपाध्याय यांनी तर उलटाच विचार पुढे ठेवला : जुनी सत्ता मोडत नव्हती, जिथे पूर्वी राज्यच नव्हते अशा प्रदेशांत नवी छोटी राज्ये उभी राहत होती, आणि दाने हे राज्याचे मूळ तिथे रुजवण्याचे साधन होते. मला तिसरा विचार अधिक पटतो, कारण त्यामुळे त्याच शतकांत इतकी नवी राजघराणी आणि इतकी मंदिरे का उभी राहिली याचे उत्तर मिळते. शर्मांच्या मांडणीत ते नीट मिळत नाही. तरी शर्मांनी प्रश्न उभा केला नसता तर ताम्रपट वंशावळींपुरतेच वाचले गेले असते.

‘मध्ययुग’ हा शब्दही असाच तपासून घ्यावा लागतो. जेम्स मिल याने १८१७ च्या आपल्या इतिहासात भारताच्या भूतकाळाचे हिंदू, मुसलमान आणि ब्रिटिश असे तीन भाग पाडले. ते पुढे प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन या नावांनी पाठ्यपुस्तकांत बसले, पण आतली विभागणी राजाच्या धर्मावरच राहिली. त्या चौकटीत विजयनगरचे साम्राज्य कोणत्या खान्यात घालायचे हे कळत नाही, आणि नांगर, विहीर, बाजार व भाषा तर राजाचा धर्म बदलला म्हणून त्या वर्षी बदलत नाहीत. त्या काळची माणसे स्वतःला आणि दुसऱ्यांना काय म्हणत होती हे त्यांच्याच लेखांत पाहिले तर वेगळे दृश्य दिसते. संस्कृत लेख दिल्लीच्या किंवा दख्खनच्या सुलतानांना बहुधा तुरुष्क, यवन किंवा अश्वपती म्हणतात. ही नावे धर्मापेक्षा वंशाची, दिशेची किंवा सैन्याच्या बळाची आहेत. विजयनगरचे पहिले राजे तर चौदाव्या शतकातल्या आपल्या लेखांत स्वतःला ‘हिंदुरायसुरत्राण’ म्हणवून घेतात. सुरत्राण म्हणजे सुलतान. संस्कृतात ओढून घेतलेला, आणि ‘देवांचा रक्षक’ असा अर्थही जुळवून दिलेला. याचा अर्थ त्या काळी धर्माचे भेद नव्हते किंवा देवळे पाडली गेली नाहीत असा मुळीच नाही. त्याचे पुरावे आहेत आणि ते झाकून ठेवणे ही अभ्यासाशी प्रतारणा होईल. पण ज्या राजाला सुलतान हे बिरुद मिरवावेसे वाटते, त्याच्या जगातली सीमा आपण आज कल्पितो तिथेच होती असे गृहीत धरता येत नाही.

अलीकडे एकेक लेख वाचण्याऐवजी हजारो लेख एकत्र मोजण्याची पद्धत रुळली आहे. नोबोरू काराशिमा या जपानी विद्वानाने चोळांच्या तमिळ लेखांतील जमिनीचे व्यवहार, पदव्या आणि करांची नावे शतकवार मांडून पाहिली, आणि आरंभी सामाईक दिसणारी जमीन उत्तरकाळात खासगी हातांत एकवटत गेल्याचे त्यातून निघाले. एकही लेख ही गोष्ट सांगत नाही. प्रत्येक लेख आपल्या एका विक्रीबद्दल किंवा एका दिव्याच्या तेलाबद्दल बोलतो, आणि लिहिणाऱ्यांपैकी कोणालाही आपण कोणत्या प्रवाहात आहोत हे दिसत नव्हते. मोडी कागदांचे असे एकत्र वाचन करायचे तर आधी ते कागद वाचलेले हवेत, आणि पुण्याच्या त्या रुमालांतील कितीतरी अजून सोडलेले नाहीत.